मापटं

आजीच्या घरात एक लाकडी मापटं होतं. त्याच्या काठाशी आणि बुडाशी दोन खाचा होत्या. तिथं कधीकाळी पितळी पट्ट्या होत्या. त्या एका दुष्काळात विकल्या गेल्या आणि खाचा तेवढ्या राहिल्या. दोन मापटी म्हणजे एक शेर, हे आळीतल्या पोरांना शाळेच्या आधी आजीच्या ओट्यावर कळायचं.

गाव कऱ्हेच्या खोऱ्यातलं, पुरंदरच्या माळाकडचं. पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामा व्हायचा आणि इथवर नुसतं आभाळ पोचायचं.

मापटं आजीच्या आजेसासूचं होतं. १८७६ साली ती बारा वर्षांची नवरी होऊन या घरात आली. हेच मापटं पायानं लवंडून तिनं उंबरा ओलांडला. त्याच वर्षी पावसानं तोंड फिरवलं. घरातली पाच माणसं सरकारी सडकेच्या कामावर गेली. सुरुवातीला मिळणाऱ्या मजुरीत कसंबसं भागत होतं. मग व्हाइसरॉय लिटननं धाडलेला रिचर्ड टेंपल नावाचा बडा साहेब आला आणि मजुरी खाली आली. दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ नाणं.

"पौंड म्हंजे काय ते आमाला ठावं न्हवतं," आजेसासू सांगायची. "सासूनं ते धान्य या मापट्यात ओतलं. जेमतेम भरलं. तेवढ्यावर दिसभर खडी फोडायची."

माणसांनी घमेली खाली ठेवली. एका गावात नव्हे, दख्खनभर हजारोंनी काम सोडलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची हलाखी गोळा करून सरकारला अर्जामागून अर्ज लिहिले. आजेसासूच्या घरची माणसं चालत गावाकडं निघाली. वाटेत पटकीनं गाठलं. पाच गेली होती, तीन परतली.

त्या साहेबाविषयी इथं एक गोष्ट सांगायला हवी. तीन वर्षांआधी हाच टेंपल बिहारच्या दुष्काळात होता. तिथं त्यानं बाहेरून धान्य आणवलं, सढळ हातानं वाटलं आणि माणसं जगवली. पण खर्च फार केला म्हणून वरून त्याला बोल लागले. पुढच्या दुष्काळात तो काटकसर शिकून आला. माणूस तोच होता, त्याच्या हातातलं माप बदललं होतं.

आजेसासूला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण ती एवढंच म्हणायची, "साहेब वाईट न्हवता गं. त्यानं मोजलं बरूबर. पर खर्च मोजला, माणूस मोजायचा राहिला."

हे बोलणं आणि ते मापटं, दोन्ही आजीकडं आलं.

पुढं १९७२ साल उजाडलं. आधीची दोन वर्षं ओढीचीच गेली होती. या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, पोळ्याला बैल होते पण त्यांच्यापुढं टाकायला वैरण नव्हती. दिवाळीपर्यंत अर्ध्या गावानं जनावरं बाजारात नेली आणि मातीमोल भावानं सोडून दिली. विहिरींचे तळ दिसले. रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो मिळू लागली. तिची भाकरी थापताना फुटायची आणि खाताना घशात फिरायची. आजी ती मिलो मापट्यानंच मोजून घ्यायची. घरात तीन माणसं होती. आजी, सून आणि पाचवीतला नातू. लेक मुंबईला गिरणीत होता.

गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं. सून आदल्या रात्री म्हणाली, "आत्याबाई, उद्यापासून मी कामावर जाते."

"मी बी येते," आजी म्हणाली. "पाटी उचलणार न्हाई माझ्यानं. पोरं सांभाळीन."

सकाळी मुकादम मस्टर घेऊन दगडावर बसला होता. तो नाव विचारायचा, लिहायचा आणि पुढच्याला बोलवायचा. जमीन किती, घर कुठल्या आळीत, मुंबईला कोण कमावतं का, यातलं काही त्यानं विचारलं नाही. उन्हात माती उचलायला जो आला, त्याला गरज आहे, एवढा एकच पुरावा त्या कामाला पुरत होता.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत एक बाई तोंडावर पदर ओढून येऊन उभी राहिली. तिच्या हातांत बांगड्या भरलेल्या होत्या आणि पायांत नवी चप्पल होती. ती पाटलांची धाकटी सून होती. पाटलांच्या घरची बाई कधी शेताच्या बांधावरही दिसली नव्हती. पण विहीर आटली होती, कणगी झाडून झाली होती आणि घरात अकरा तोंडं होती. मुकादमाची लेखणी थांबली. रांगेतलं बोलणं थांबलं.

आजी पोरांच्या घोळक्यातून उठली. तिनं रांगेतल्या दोघींना जरा सरकायला सांगितलं आणि पाटलांच्या सुनेला मध्ये उभं केलं. "हितं ऱ्हा पोरी," ती म्हणाली. "हितनं पाटी हलकी लागती."

त्या दोघी खालच्या आळीतल्या होत्या. पाटी एकीच्या हातातून निघायची, पाटलांच्या सुनेच्या हातात यायची आणि दुसरीच्या हातात जायची. दिवसातून शेकडो वेळा हात हाताला लागत होता. चार दिवसांनी कुणाचं तिकडं लक्षही राहिलं नाही.

त्या वर्षी महाराष्ट्रात अशा रांगा सगळीकडं लागल्या होत्या. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. त्यांत कालपर्यंत दुसऱ्यांना मजुरीला बोलावणारे शेतकरी होते आणि कायम दुसऱ्यांच्या बांधावर राबलेले मजूर होते. एकाच मस्टरवर, एकाखाली एक.

कामावर सुरुवातीला पाण्याचे दोन रांजण होते. वरच्या आळीचा वेगळा, खालच्या आळीचा वेगळा. उन्हाळा चढला तेव्हा आरोग्य खात्याचा माणूस आला. टँकरच्या पाण्यात त्यानं पांढरी पावडर टाकली. वास आल्यावर बायकांनी तोंडं फिरवली. आजीनं तांब्या पुढं केला, घटाघटा पाणी प्यायली आणि म्हणाली, "आमच्या घरातली दोन माणसं वासाबिगरच्या पाण्यानं गेली." मग सगळ्यांनी पाणी घेतलं. दुपारी पोरांना सुकडी मिळायची. गव्हाची, गुळाची. पोरं मुठी चाटायची. पुढं एक दिवस एक रांजण फुटला. कुणाचा फुटला हे महत्त्वाचं नाही. दुसरा कुणी आणला नाही एवढं खरं. गावातल्या विहिरीवर मात्र तसं व्हायला आणखी बरीच वर्षं जावी लागली.

मार्चमध्ये तंटा झाला. पगार दोन आठवडे लांबला, आणि आला तेव्हा कमी आला. मुकादम म्हणाला, खड्ड्याचं माप कमी भरलं. पुरुषांनी शिव्या दिल्या. दोघंतिघं मुकादमाच्या अंगावर धावले. आजीची सून पुढं झाली आणि खड्ड्याच्या काठावर बसली. तिच्यामागून बाकीच्या बसल्या. पाटलांची सूनही बसली.

"आमी काम सोडत न्हाई," सून म्हणाली. "आमी हितंच बसतो. टेप आणा आन् आमच्यापुढं मोजा."

आजी लांबून हे बघत होती. तिच्या आजेसासूच्या माणसांनी घमेली ठेवली आणि ती चालू लागली होती. तिकडं त्यांना थांबवायला कुणी आलं नव्हतं. या खेपेला मात्र दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर आला. त्यानं टेप धरली. लांबी, रुंदी, खोली सगळ्यांच्या समोर वाचली. माप कमी नव्हतं, मुकादमाच्या वहीत चुकलं होतं. राहिलेले पैसे पुढच्या हप्त्यात मिळाले.

त्या दिवसापासून आजीनं नातवाला एक काम लावलं. तो रोज संध्याकाळी शाळेच्या वहीत हजेरी लिहायचा. कोण आलं, किती पाट्या, किती खड्डा. मुकादमाचं मस्टर सरकारचं, ही वही गावाची. वहीच्या पुठ्ठ्यावर त्यानं तलावाचं चित्र काढलं आणि त्यात निळा रंग भरला. तोवर तलावात थेंब नव्हता.

१९७३ चा पाऊस चांगला झाला. भिंत टिकली. भाद्रपदात तलाव भरला आणि सगळा गाव काठावर जाऊन उभा राहिला. खालच्या अंगाच्या तीन विहिरींना आपसूक पाणी फुटलं.

त्यांतली एक पाटलांची होती. दुसरी त्यांच्या भावकीची. तिसरी एका सावकार शेतकऱ्याची.

काम संपलं, मस्टर मिटलं, रांग मोडली. पाटलांची सून पुन्हा वाड्यात गेली. दुसऱ्या वर्षी तलावाखाली ऊस उभा राहिला. जिनं ती माती वाहिली ती आजीची सून हंडा घेऊन तळ्याच्या काठापर्यंत जायची आणि हंडाभर पाणी आणायची. तिची दीड एकर जमीन माळावर होती. तिथं पाणी चढत नव्हतं. खालच्या आळीला तर जमीनच नव्हती.

पुढची काही वर्षं पाऊस कधी यायचा, कधी हुलकावणी द्यायचा. एक गोष्ट मात्र बदलली होती. तासगावकडच्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम मिळावं आणि ते दुष्काळापुरती मेहेरबानी म्हणून नव्हे तर हक्क म्हणून मिळावं, हे ते दुष्काळाच्या आधीपासून मांडत होते. १९७७ मध्ये विधिमंडळानं तसा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पन्नास माणसांनी मागणी केली की काम काढायचं. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता द्यायचा. त्याला पैसा लागतो म्हणून शहरातल्या पगारदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला होता.

लेक गणपतीला घरी आला तेव्हा कुरकुरत होता. "पगारातनं कापत्यात. कुठं जातंय कुणास ठाऊक."

सुनेनं हातातला तवा बाजूला ठेवला. "माझ्या हाजरीत येतंय," ती म्हणाली. "म्हंजे एक मनिऑर्डर तुमी करता, दुसरी सरकार करतंय."

लेकानं त्यानंतर तो विषय काढला नाही. त्याच्या खोलीवरच्या बाकीच्या गिरणीवाल्यांनाही त्यानं हे सांगितलं म्हणे.

तळ्याचं दुखणं मात्र वाढतच होतं. एका उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं. विहिरींवरची इंजिनं तरी रात्रंदिवस चालूच होती. एका रात्री खालच्या आळीतल्या पोरांनी पाटलांच्या इंजिनाचा पाइप फोडला. सकाळी वाड्यातून काठ्या निघाल्या. दोघांची डोकी फुटली. पोलीस आले, पंचनामा झाला, चौघांना नेलं. गाव दोन तुकड्यांत बसलं. दुकानदार कुणाला उधार द्यायचं ते आळी बघून ठरवू लागला.

आठ दिवसांनी देवळात बैठक बोलावली. शाळेचे गुरुजी होते, सरपंच होते. आधी आवाज चढले. मग गुरुजी बोलले. ते नायगावला जाऊन आले होते. पुण्यातले एक कारखानदार विलासराव साळुंखे १९७२ च्या दुष्काळात या तालुक्यात आले होते. खडी फोडणारी माणसं बघून त्यांना चैन पडेना. त्यांनी नायगावात देवस्थानची ४० एकर पडीक जमीन कसायला घेतली, बांध घातले, पाणी अडवलं. आणि तिथून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणसांच्या मापानं वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं. कुटुंबाला फार तर अडीच एकर. ऊस लावायचा नाही. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा.

"ज्याला जमीन न्हाई त्यो पानी काय डोक्यावर वतंल?" कुणीतरी विचारलं.

"ज्याची जमीन कोरडी आहे त्याच्याबरोबर निम्म्या वाट्यानं पीक घेईल," गुरुजी म्हणाले. "जमीन त्याची, पाणी याचं."

पाटील उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "जमिनीखालचं पानी ज्याच्या विहिरीत येतंय त्याचं. देवानं दिलं ते दिलं."

आजी खांबाशी बसली होती. ऐंशीच्या घरात गेली होती, पाठ वाकली होती. तिनं नातवाला खूण केली. तो घरी धावत गेला आणि वही घेऊन आला. पुठ्ठ्यावरचा निळा रंग उडाला होता.

"वाच," आजी म्हणाली.

नातू वाचू लागला. त्याचा आवाज आता फुटला होता. तारीख, नाव, पाट्या. तारीख, नाव, पाट्या. एकेक पान उलटत गेलं. खालच्या आळीतल्या बायांची नावं आली. त्यांतल्या दोघी आता नव्हत्या. वरच्या आळीतली नावं आली. बाजूला बसलेले लोक आपलं नाव आलं की मान खाली घालत होते. पाइप फोडणाऱ्या एका पोराच्या आईचं नाव आलं, आणि तिच्या पाठोपाठ पाटलांच्या धाकट्या सुनेचं नाव आलं. मग पुन्हा खालच्या आळीतली बाई. मग पुन्हा तिचं. पानोपान तेच.

नातू थांबला. कुणी बोललं नाही.

देवळाच्या मागच्या बाजूला बायका उभ्या होत्या. तिथून पाटलांच्या सुनेचा आवाज आला. सासऱ्यासमोर ती पहिल्यांदाच बोलत होती.

"मामंजी, देवानं पाऊस दिला. तळं आमी बांधलं."

पाटील बराच वेळ उभे होते. मग खाली बसले.

त्या दिवशी सगळं मिटलं असं नाही. उभा ऊस तुटेपर्यंत थांबायचं ठरलं. दोन घरं तयारच झाली नाहीत. त्यांच्याशी वर्षभर बोलणी चालली. पाइप फोडणाऱ्या पोरांनी वर्गणी काढून नवा पाइप आणला, पाटलांनी पोलिसांतली तक्रार मागं घेतली. पाणी सोडायला एक माणूस नेमला, तो कुठल्याच आळीचा नको म्हणून शेजारच्या वाडीचा. पहिल्या वर्षी माणशी अर्धा एकर जमलं नाही, पाव एकर जमलं. ज्वारी आली, थोडा कांदा आला. खालच्या आळीतल्या एका म्हातारीनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या वाट्याची कणसं घरी आणली आणि ती रात्रभर उशाशी ठेवून झोपली.

सरकारं संकटाला भिडतात तेव्हा त्यांच्या हातात कुठलं ना कुठलं माप असतं. १८७७ च्या मापानं तिजोरी मोजली. त्यातून झालेल्या मरणांनंतर १८८० चा दुष्काळ आयोग निघाला आणि मदतीचे नियम लिहिले गेले. १९७२ च्या मस्टरनं राबणारे हात मोजले. त्यातून कायदा उभा राहिला आणि २००५ मध्ये संसदेनं तीच वाट देशासाठी धरली. हे सगळं फार मोठं आहे, माणसं त्यावर जगली आहेत. पण तळं भरल्यावर पाणी कुणाचं, हे सरकारी मस्टरवर लिहिलेलं नसतं. ते गावाला आपल्या वहीत शोधावं लागतं. अशी वही किती गावांनी जपून ठेवली असेल?

नातवाचं लग्न झालं तेव्हा आजीनं मापटं स्वतः घासून पुसून काढलं. उंबऱ्यावर ठेवलं. सून त्यात तांदूळ ओतायला निघाली, तेव्हा आजीनं तिचा हात धरला.

"ज्वारी घाल. तळ्याखालची."

सुनेनं ज्वारी ओतली. काठाशी आल्यावर ती थांबली.

"थांबू नगं," आजी म्हणाली. "वर शीग येऊ दे."

शीग आली. दाणे कडेनं घरंगळू लागले. नवरीनं उजवा पाय उचलला आणि हलकेच मापटं लवंडलं. ज्वारी उंबऱ्याच्या आतही पसरली आणि बाहेरही. वाजंत्री वाजत होती, माणसं आत निघाली होती. आजी मात्र तिथंच खाली बसली आणि एकेक दाणा वेचू लागली. थोड्या वेळानं शेजारी कुणीतरी येऊन बसलं. आजीनं वर पाहिलं नाही. बांगड्यांच्या आवाजावरून तिनं ओळखलं, आणि मापटं दोघींच्या मध्ये सरकवलं.